कलम सात, मागची सीट

सोमवार, ३ मार्च

मास्तरांनी सांगितलं म्हणून ही वही. नाहीतर मी आणि लिखाण! शिलाई मशिनं दुरुस्त करणारा माणूस मी, आमचं लिखाण म्हणजे 'शटल बदललं, तेल दिलं' एवढंच. पण मास्तर म्हणाले, "कारागीर, सुनावणीत नुसता आरडाओरडा करून भागत नाही. पुरावा लागतो. रोजची नोंद ठेवा. कुठे गेलात, किती फिरलात, अपघात झाला का." मास्तर चित्रकला शिकवायचे, निवृत्त झाले, आता आमच्या विजेच्या सायकलवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. मी चिटणीस. कसा झालो विचारू नका. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं आणि माझी मान हलली.

भानगड अशी की वाहतूक खात्याने विजेच्या सायकलींसाठी नवे नियम काढलेत. अजून कच्चे आहेत. सत्तावीस तारखेला सुनावणी, त्यानंतर आठ दिवस लेखी हरकती घेणार, मग पक्के. कलम चार: नोंदणी आणि मागे नंबरपाटी. कलम सहा: परवाना, आणि साठीपुढच्यांना त्यासाठी डोळ्यांची तपासणी. कलम सात: मागच्या सीटवर मोठं माणूस बसवायचं नाही. कलम अकरा: विमा. सायकलला विमा! उद्या चपला घालायला परवाना मागतील. जी पोरं सायकलींना भलत्या मोटरी लावून रॉकेटसारखी पळवतात त्यांना धरा ना. ते नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी त्रेसष्ट वर्षांचा. सात वर्षं ही सायकल चालवतोय. पुढे हत्यारांची पेटी, मागे आमची बायको. गावभर फिरून लोकांची मशिनं मार्गी लावतो. नाकासमोर चालणारा माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

आजचा अपघात: शून्य.


मंगळवार, ४ मार्च

शिवणशाळेत गेलो. बारा मशिनं, तिसरा मजला. बाई म्हणाल्या, "काका, चार नंबरचं टाके सोडतंय." मी नेहमीप्रमाणे म्हटलं, चालवा. ते चालवतात, मी डोळे मिटून उभा राहतो. बिघाड आधी कानाला कळतो, मग हाताला. टक-टक-टक आणि मध्येच एक पोकळी. सुई खाली जाते, पण शटल तिला वेळेवर भेटत नाही. अर्ध्या तासात टायमिंग लावून दिलं.

मग एका मुलीला नऊ नंबरच्या सुईत दोरा ओवता येईना. नऊ नंबर म्हणजे केसाएवढं नेढं. मी चष्म्याशिवाय एका झटक्यात ओवला. मुली टाळ्या वाजवायला लागल्या. म्हटलं, त्या वाहतूक खात्याच्या साहेबांना बोलवा आणि हे दाखवा. डोळ्यांची तपासणी म्हणे!

एक नवल लिहून ठेवतो. हिचे गुडघे दुखतात म्हणून दीडेक वर्षापासून ही बाजारात पायी जात नाही, माझ्याबरोबर मागे बसून फिरते. मला आवडतं, खोटं का बोला. पण आज ती पेटी घेऊन तीन मजले माझ्या आधी चढली. विचारलं तर म्हणाली, "चढताना नाही दुखत." मशिनाचं कळतं मला, गुडघ्यांचं नाही कळत.

येताना डावा आरसा फुटला. एका गाडीवाल्याने गाडी भलतीकडे लावली होती, तिला घासला. गाडी उभी होती, मी चालता होतो, पण चूक त्याचीच.

अपघात: शून्य. आरसा मोजत नाही.


शुक्रवार, ७ मार्च

सह्यांची मोहीम सुरू. दोन दिवसांत एकशे चाळीस! पाववाला, दूधवाला, दोन नर्सबाई, शिवणशाळेतल्या सगळ्या मुली. एक म्हातारबुवा तर सायकल नसताना सही करून गेले. म्हणाले, "नियम म्हटला की माझा विरोध."

हिला म्हटलं, चिटणिसाच्या बायकोची सही पहिल्या पानावर हवी. म्हणाली, "हात ओले आहेत." नंतर विचारलं तर कणीक मळत होती. संध्याकाळी कपडे पिळत होती. बाईमाणसाला दिवसभर कामं.

सायकलवर मागे बसून ती एक चाळा करते. माझ्या डाव्या खांद्यावर बोटांनी टकटक करते. चौकात, गल्लीच्या तोंडाशी, शाळा सुटताना. पहिल्यांदा वाटलं काही सांगायचंय, म्हणून मी मान वळवायचो, तर तिकडून नेमकी एखादी रिक्षा नाहीतर पोर यायचं आणि मी ब्रेक मारायचो. आता सवय झाली. टकटक झाली की मी आपोआप हळू होतो. म्हटलं, "तुला खेळ सुचतात या वयात." तर म्हणाली, "मग काय करू, तुमची पाठ बघत बसू?"

आरसा नवा बसवला. या वर्षातला तिसरा. हल्ली माल फार कच्चा येतो.

अपघात: शून्य.


रविवार, ९ मार्च

हरकतीचा मसुदा लिहायला बसलो. सकाळपासून चार वेळा उठलो. बूड टेकत नाही. कलम सहावर काय लिहू? लिहिलं: 'वय हा गुन्हा नव्हे.' मास्तरांना आवडेल. पुढे सुचेना. उठून चेनला तेल दिलं. परत बसलो. कलम सातवर मात्र झरझर लिहिलं. की नवरा-बायकोने एका सायकलवर बसायचं की नाही हे खातं कोण ठरवणार? माझ्या बायकोने बाजारात जायचं कसं? तिच्या गुडघ्यांची भरपाई देणार का?

वाचून दाखवलं. ही पालक निवडत होती. म्हणाली, "सातचं बरोबर लिहिलंय."

"आणि सहाचं?"

"अक्षर छान आलंय."

ही स्वतः काय सायकल मारायची एकेकाळी! लग्नाआधी दवाखान्यात कामाला होती, उन्हातान्हात सायकलवर. मी पायी असायचो, ती घंटी वाजवत पुढे निघून जायची आणि वळून हसायची. त्या हसण्यावरच आम्ही गारद झालो. लग्नानंतर सुटली सायकल. का सुटली ते आठवत नाही. एकच सायकल होती आणि ती मी घेऊन जायचो, एवढं आठवतं.

दुपारी लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते. हॅलोच्या आधी विचारते, "बाबा, सायकलवर आई असते ना मागे?" म्हटलं, असते की. "रोज?" रोज. "बरं," म्हणाली आणि मग पाऊसपाण्याचं बोलली. आईची काळजी पोरींना जास्त.

अपघात: शून्य.


बुधवार, १२ मार्च

आज भांडण झालं.

सकाळी चहाचा कप माझ्या डाव्या हाताला ठेवून ही आत गेली. मी पेपर उचलला, कप खाली. खळ्ळकन. म्हटलं, "जरा माणसासारखा समोर ठेवत जा ना." तिने पुसून घेतलं. मग मी चिडून उठलो तो दाराच्या चौकटीला कोपर आपटलं. त्याच कोपराला, जिथे आधीच काळंनिळं आहे. तेव्हा ही हळूच म्हणाली, "अहो, एकदा डोळे दाखवून येऊ या का?"

बास. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तूसुद्धा? तू त्या खात्याला सामील झालीस? नऊ नंबरच्या सुईत दोरा ओवतो मी! नियमांच्या कागदातली तळटीपसुद्धा चष्म्याशिवाय वाचली, ती मास्तरांनासुद्धा दिसली नव्हती! तोंडाला येईल ते बोललो. मागे एकदा असंच विचारलं होतं हिने, तेव्हाही मी असाच ओरडलो होतो बहुतेक.

मग घरातलं तिचं मशीन खोललं. काही बिघडलेलं नव्हतं त्याचं. सगळे स्क्रू काढले, पुसले, परत लावले. एक स्क्रू उरला. तो अजून खिशात आहे.

डोळे दाखवून येऊ या म्हणे. आणि डॉक्टर काही बोलला तर? मग मी काय करायचं, दारात बसून रस्ता बघायचा? मशीन कोणी उचलून माझ्या घरी आणणार नाही. माझा बाप शेवटी असाच खुर्चीत बसलेला असायचा, कोणी आलं की म्हणायचा, मी पूर्वी अमुक करायचो. मला 'पूर्वी' नको.

अपघात: शून्य. कप मोजत नाही.


शनिवार, १५ मार्च

सह्या दोनशे सहा. हिचे हात ओले.


सोमवार, १७ मार्च

आज सगळं खरं लिहायचं की नाही ते ठरत नाहीये. लिहितो.

हिला सकाळपासून ताप. एकटाच निघालो. ही अंथरुणातून उठून दारापर्यंत आली, म्हणाली, "आज नका जाऊ." म्हटलं, शिवणशाळेच्या बाईंना शब्द दिलाय. म्हणाली, "मग पायी जा." पेटी घेऊन, एवढं लांब? ताप डोक्यात गेलाय म्हटलं आणि निघालो.

बेकरीच्या पुढच्या चौकात एकदम धाडकन. समोर कोणी नव्हतं. शपथेवर सांगतो, रस्ता मोकळा होता. आणि पुढच्या क्षणाला माझ्या चाकाखाली अंड्यांचे ट्रे आणि अंडेवाला रस्त्यावर बसलेला, गुडघा धरून. डाव्या गल्लीतून आला होता म्हणे. लोक जमले. तो ओरडत होता, "आजोबा, मी थांबलो होतो! तुमच्याकडे बघून हात केला होता! तुम्ही सरळ अंगावर आलात!"

मीही ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. रस्ता काय तुझ्या बापाचा, असं काहीतरी. गुडघ्यातून रक्त येत होतं त्याच्या. भरपाई पुढे केली तर घेईना. म्हणाला, "अंडी जाऊ द्या, मागे माझी पोरगी होती चालत. ती पुढे असती तर?"

त्याच्या मागे खरंच एक पाच-सहा वर्षांची मुलगी उभी होती. तीसुद्धा मला तो बोलल्यावरच दिसली.

शिवणशाळेत गेलोच नाही. घरी येऊन शर्ट बादलीत टाकला. ही तापात उठली, शर्टवरचा पिवळा डाग बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि साबण लावायला बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

अपघात: शून्य. कोणाला फारसं लागलं नाही. अंडी फुटली.


मंगळवार, १८ मार्च

आकाशातून पडला का तो अंडेवाला?

दिवसभर तेच. उठतो, बसतो, खिडकीशी जातो. एकदा उजवा डोळा हाताने झाकून बघितला. समोरचं कॅलेंडर दिसलं, जरा धुकट. तर काय, प्रत्येकाचा एक डोळा जरा कमी असतोच, एक हात नाही का कमी जोराचा असतो? लगेच हात काढला. कॅलेंडरवरची तारीख दिसली, बाजूची खिडकी दिसली का, ते मी बघितलंच नाही. आता लिहिताना लक्षात आलं. परत झाकून बघायचं धाडस होत नाही.

मास्तर येऊन गेले. त्यांना अंड्यांचं सांगितलं नाही. 'नोंदी चालू आहेत ना?' म्हणाले. म्हटलं, शून्य. 'वा!'

दुपारी हिच्यापुढे परत सह्यांचा कागद धरला. म्हणाली, "हात ओले आहेत." आज सकाळपासून नळाला पाणी नव्हतं.


शुक्रवार, २१ मार्च

मंडळाची बैठक. खातं सुनावणीला डोळे तपासायचं मशीन आणणार आहे, तपासणी किती सोपी ते लोकांना दाखवायला. मास्तर म्हणाले, "हा त्यांचा डाव आहे. आपणही एक माणूस द्यायचा. साठीपुढचा, रोज सायकल चालवणारा, एकही अपघात नसलेला. तो सगळ्यांसमोर पास झाला की कलम सहातली हवाच गेली."

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

नाही म्हणता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण मग 'का' विचारलं असतं, आणि त्या 'का'चं उत्तर मी स्वतःलासुद्धा दिलेलं नाही. म्हटलं, "मी देतो." टाळ्या. शिवाय मनात आलं, पास झालो की तो अंडेवाला खोटा ठरेल आणि मला झोप लागेल. हेही खरंच लिहिलं.

हिला सांगितलं. वाटलं अडवेल. तर म्हणाली, "द्या तपासणी. मी येते बरोबर." एवढी खूश मी तिला महिनाभरात बघितली नव्हती.


गुरुवार, २७ मार्च

घरी येऊन तीन तास झाले. क्रमाने लिहितो.

वाहतूक खात्याचं मोठं सभागृह. शंभरेक माणसं. व्यासपीठावर अधिकारी बाई, शांत, कोणी कितीही ओरडलं तरी 'लिहून घेतलं' म्हणायच्या. कोपऱ्यात टेबलावर ते मशीन. पांढरं, खोलगट, घमेलं काठावर उभं करावं तसं. एक तरुण तपासनीस बाई त्याच्याशेजारी.

मास्तरांनी माझं नाव पुकारलं. "त्रेसष्ट वर्षं, सात वर्षं सायकल, अपघात शून्य!" टाळ्या. आधी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. वरपासून खालपर्यंत धडाधड वाचला, शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी व्यासपीठाकडे बघून विचारलं, "आता सुई-दोरा आणू का?" अधिकारी बाईसुद्धा हसल्या.

मग ते घमेलं. त्यात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. बटण टक्कन वाजतं. सोपं. दिवा, टक्. दिवा, टक्. मग बराच वेळ काहीच नाही. परत एक दिवा, टक्. मग परत सगळं गप्प. मला वाटलं मशीन अडकलं. वाट बघून बघून मी मान काढली आणि म्हटलं, "ताई, तुमच्या मशीनचे डावीकडचे दिवे गेलेत."

सभागृह फुटलं हसून. मास्तर तर उभेच राहिले. "बघा! असल्या भंगार मशीनवर हे आम्हाला नापास करणार!" मलाही चेव आला. म्हटलं, "चाळीस वर्षं मशिनं दुरुस्त करतोय मी. बिघडलेलं मशीन मला कळतं."

तपासनीस बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "काका, सकाळीच तपासून आणलंय. चालू आहे ते."

"मग दुसऱ्या कोणाला बसवा आणि सिद्ध करा!" हे मीच म्हटलं. मीच.

कोणी पुढे येईना. मग दुसऱ्या रांगेतून ही उठली. पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली, हनुवटी टेकवली. म्हणाली, "करा सुरू."

आणि मी काय केलं? चाळीस वर्षांची खोड. मशीनपाशी उभा राहिलो आणि डोळे मिटून घेतले. बिघाड ऐकायला.

टक्. टक्. टक्. टक्.

मी पोकळीची वाट बघत होतो. आत्ता येईल, आत्ता थांबेल, डावीकडच्या दिव्यांपाशी थांबणारच. टक्. टक्. टक्. तेल दिलेल्या मशीनसारखं चाललं होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक टाका सुटला नाही.

मशीन चांगलं होतं. आयुष्यभर लोकांना म्हणत आलो, नाचता येईना अंगण वाकडं. त्या सभागृहात डोळे मिटून उभं राहिल्यावर मला कळलं की वाकडं काय आहे.

डोळे उघडले. तपासनीस बाई म्हणाल्या, "काकूंचं एकदम चोख." आणि माझा कागद त्यांनी घडी करून, कोणाला दिसणार नाही असा, माझ्या हातात दिला. डावीकडे काळा पट्टा होता. एवढा काळा की डोळ्यांचाच खेळ वाटून मी कागद उजवीकडे सरकवून बघितला.

मास्तर अजून बोलतच होते, मशीनचं काय खरं वगैरे. अधिकारी बाईंनी मला विचारलं, "चिटणीस, तुम्हाला काही म्हणायचंय?" दोनशे अठरा सह्यांचा गठ्ठा माझ्या काखेत होता. म्हटलं, "आज नाही." आणि जागेवर जाऊन बसलो.

ही येऊन शेजारी बसली. डाव्या बाजूला. तेव्हा आठवलं, ही हल्ली कुठेही गेलो तरी डाव्या बाजूलाच असते.

घरी येताना सायकल हातात धरून चालत आलो. ती पेटी घेऊन. डावीकडून.


शुक्रवार, २८ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू. डाव्या डोळ्याचं बरंचसं गेलंय, उजव्याचा नाकाकडचा काठ जायला लागलाय. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही म्हणे. गेलं ते येणार नाही. रोज थेंब घातले तर राहिलंय ते राहील. सुई ओवता येईल, मशीन उघडता येईल. सायकल नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दीड वर्ष. डावीकडून तुमच्यापुढे ताट धरून उभी होते. तुम्ही म्हणालात, जेवायला वाढणार आहेस की नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तीन दिवस बोलत नव्हतात माझ्याशी."

"तीन दिवसांचं काय एवढं? मी मेलो असतो म्हणजे?"

"म्हणून तर मागे बसायला लागले."

गुडघ्यांचं विचारलं. गुडघ्यांना काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. आणि ती टकटक! दीड वर्ष ही बाई माझा डावा डोळा होऊन मागे बसत होती, आणि मी म्हणायचो, खेळ सुचतात.

"भीती नाही वाटली तुला?"

"रोज वाटायची," ती म्हणाली. "उतरल्यावर मी पिशवी ठीक करायचं निमित्त काढून थोडा वेळ उभी राहायचे."

मला ते पिशवी ठीक करणं आठवलं. मी घाई करायचो. म्हणायचो, काय मेला तो पिशवीचा सोस. मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही. ती म्हणाली, "पुरे आता, थेंब वाहून जातील."


सोमवार, ३१ मार्च

सकाळी पायी बेकरीच्या चौकात गेलो. अंडेवाला होता. म्हटलं, "बाबा रे, तू हात केला होतास. मला दिसला नाही. माझे डोळे गेलेत त्या बाजूचे. तुझ्यावर ओरडलो ते चुकलं." तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही अशा डोळ्यांनी रोज यायचात?" म्हटलं, "रोज. पण मागे बायको असायची." मुलगी हातगाडीवर बसली होती. आज मी मान पूर्ण वळवली आणि तिला नीट बघितलं. पुढचा एक दात पडलाय.

आल्यावर ही वही पहिल्यापासून वाचली. मास्तर तिच्यातल्या नोंदी उतरवून घ्यायला येणार आहेत, लेखी हरकतींना जोडायला. सगळे शून्य खोडले. आरसे, कप, चौकट, अंडेवाला, जे मोजत नाही म्हटलं होतं ते सगळं मोजलं.

मग हरकत नव्याने लिहिली. जुनी फाडली, 'वय हा गुन्हा नव्हे'सकट. इथे उतरवून ठेवतो:

'नोंदणी आणि विम्याबद्दल मंडळ काय ते कळवेल. मी स्वतः एवढंच लिहितो. कलम सहा, डोळ्यांची तपासणी, याला माझी हरकत नाही. उलट साठीची वाट बघू नये. एकट्या या महिन्यात एक माणूस माझ्यामुळे पडला आणि त्याच्यामागे एक लहान मुलगी होती. त्या दिवशी मी सायकलवर एकटा होतो. कलम सात, मागच्या सीटची बंदी, याला माझी सक्त हरकत आहे. मागे माणूस असल्यामुळेच दीड वर्षात याहून वाईट काही झालं नाही.'

मास्तर आले, वाचलं, कपाळाला हात लावला. "कारागीर, आपल्याच पायावर धोंडा! आणि आता कलम सात ठेवून तुम्हाला उपयोग काय? तुम्ही तर सायकल चालवणार नाही."

"मी नाही. पण मागे बसणार आहे."

"चालवणार कोण?"

मी आतल्या खोलीकडे बघितलं. ही बाहेर आली. मास्तरांकडे बघून म्हणाली, "पेन आहे का?" माझ्या सहीच्या वर, पहिल्या जागेवर सही केली. मोठी, गिचमिड, दवाखान्यातल्या नोंदवहीत करायची तशी. मी तिचे हात बघितले. कोरडे होते.


बुधवार, २ एप्रिल

सकाळी शाळेच्या मोकळ्या मैदानात गेलो. खिशातला उरलेला स्क्रू तिच्या मशीनला लावून मगच निघालो. सीट तिच्या उंचीला खाली केली. मोटरचा वेग सगळ्यात कमी ठेवला. ती बसली, एक पाय जमिनीवर, आणि इतक्या वर्षांनी घंटी वाजवून बघितली.

पहिल्या दोन चकरा एकटीने. डगमगली, शिव्या दिल्या, सायकलला आणि मला. तिसऱ्या चकरेला माझ्यापुढून गेली आणि वळून हसली. तेच हसणं. चौथ्या चकरेला थांबून म्हणाली, "बसा."

पेटी मांडीवर घेऊन मागे बसलो. मागे बसलेल्या माणसाची काय अवस्था होते हे मला आज समजलं. पुढे सगळी तिची पाठ. काहीच आपल्या हातात नाही. मैदान संपून रस्ता लागला आणि माझा जीव गोळा झाला. गल्लीच्या तोंडाशी माझा हात आपोआप उठला आणि तिच्या डाव्या खांद्यावर मी टकटक केलं.

ती मान न वळवता म्हणाली, "अहो, मला दिसतंय."

शिवणशाळेपर्यंत गेलो. सात नंबरचा दोरा तुटत होता, नीट केला. तीन मजले ती आधी चढली, मी मागून.

अपघात: शून्य.